माती घ्यावी की काथ्याचा भुसा?

थोडक्या भांडवलात, व्याजाचे पैसे अंगावर न घेता घरबसल्या करता येण्याजोग्या धंद्यांत कुंडीतील शोभेच्या रोपांचा धंदा मोडतो. मनीप्लांट, सिंगोनियम, स्नेक प्लांट, अरेका पाम यांना शहरात गिऱ्हाईक आहे आणि यांतील बहुतेक रोपे कांडी किंवा पान लावून घरीच वाढविता येतात. मुंब्रा-कौसा, भिवंडीकडील आमच्या भगिनींसमोर पहिला प्रश्न येतो तो हा की, कुंडीत भरायचे काय? माती, की हल्ली सगळीकडे मिळणारे कोकोपीट?

कोकोपीट म्हणजे नारळाच्या सोडणातून काथ्या काढल्यावर उरणारा भुसा. कोकणात आमच्याकडे सोडणे न्हाणीच्या चुलीत जातात, आणि त्याच सोडणांचा भुसा शहरात विटा करून विकला जातो! केरळात या भुशाचे ढीग एकेकाळी निव्वळ अडगळ समजले जात. युरोपातील बागायतदारांना दलदलीतून खणून काढलेल्या पीटला पर्याय हवा होता, तेव्हा या भुशाला भाव आला.

हिशेब पाहू. पाच किलोची वीट पाण्यात भिजविली की सुमारे सत्तर लिटर भुसा होतो. सहा इंची कुंडीत साधारण दोन लिटर मावते, म्हणजे एका विटेत तीस-पस्तीस कुंड्या. एवढीच माती लिफ्ट नसलेल्या चौथ्या मजल्यावर चढवायची तर हमालीच किती होईल! वजनात कोकोपीट जिंकते, यात शंका नाही.

पण त्यात अन्न जवळजवळ नसते. तांबडी माती आणि मुरलेले शेणखत यांत रोप काही महिने स्वस्थ राहते. नुसत्या कोकोपीटमध्ये त्याला पातळ खत वरचेवर द्यावे लागते. दुसरी अडचण क्षारांची. भुशात सोडियम व पोटॅशियम असते, आणि तो कॅल्शियम धरून ठेवतो. न धुतलेला भुसा वापरला की पानांच्या कडा करपतात. म्हणून वीट गोड्या पाण्यात भिजवून, पिळून, पाणी दोन-तीनदा बदलावे. खाऱ्या बोअरच्या पाण्याने धुण्यात अर्थ नाही.

तिसरी गोष्ट घरातल्या उजेडाची, आणि खरे नुकसान इथेच होते. कोकोपीट आपल्या वजनाच्या सात-आठ पट पाणी धरते. अंधाऱ्या खोलीत रोप पाणी कमी पिते; वरचा थर कोरडा दिसतो म्हणून माणूस पुन्हा पाणी घालतो आणि खाली मुळे कुजतात. स्नेक प्लांटचे तर हमखास असे होते. बोट न घालता कुंडी उचलून पाहावी. हलकी लागली तरच पाणी द्यावे.

काळी माती मात्र कुंडीत नकोच. ओली असता चिकटते, वाळली की तडकते.

आमचे मत असे की, बी रुजविण्यास व कांड्या फुटविण्यास धुतलेले कोकोपीट उत्तम. विक्रीच्या कुंडीत मात्र दोन भाग तांबडी माती, एक भाग कोकोपीट, एक भाग कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत घालावे. स्नेक प्लांटसाठी त्यात विटांचा बारीक चुरा किंवा नदीची जाड रेती मिसळावी. समुद्राची रेती नको. नुसत्या कोकोपीटमधले टवटवीत रोप विकायचेच असेल, तर त्याला खत लागते हे गिऱ्हाइकास आधी सांगावे. मालातला ऐब लपवून केलेली तिजारत आपल्याकडे जायज नाही, आणि महिन्याभरात रोप मेले तर ते गिऱ्हाईक पुन्हा येतही नाही.

विटा घेताना त्या दमट नाहीत ना, हे पाहावे. वजनावर माल घेतो, तेव्हा पाण्याचे पैसे कशाला द्यावेत? प्रथम एकच वीट घ्यावी, भिजवून मोजावी आणि पन्नास-साठ लिटरही भरत नसेल तर दुकान बदलावे.

कोकणातील ज्या बांधवांच्या वाडीत सोडणे पडून असतात, त्यांनी ताजा भुसा लगेच कुंडीत घालू नये. त्यातून तपकिरी पाणी सुटते, ते कोवळ्या मुळांना बाधते. पाणी निचरून जाईल अशा जागी ढीग करून एक पावसाळा त्याच्यावरून जाऊ द्यावा. आपल्याकडचा पाऊस धुण्याचे काम फुकट करतो. दिवाळीच्या सुमारास तो चाळून घ्यावा आणि प्रथम दहा कुंड्यांत वापरून पाहावा.