बेस विवर्धकाच्या ध्वनिमुद्रणातील गोंगाट व रेडिओ व्यत्यय

बेस गिटारचा संकेत विवर्धकातून, म्हणजे व्यवहारातील अँप्लिफायरमधून, घेऊन ध्वनिमुद्रण करताना वाद्याच्या स्वरांबरोबर काही अनिष्ट विद्युत् संकेतही मुद्रित होतात. त्यांचे स्थूलमानाने दोन वर्ग पडतात : वीजपुरवठ्यापासून उद्‌भवणारी घरघर व खरखर, आणि रेडिओ तरंगांमुळे येणारा व्यत्यय. हे दोष मुद्रणानंतर गाळून काढण्यापेक्षा उगमापाशीच थांबवावे लागतात. ते थांबविताना उपकरणाची संरक्षक जमीन-जोडणी (अर्थिंग) तोडणे हा मार्ग मात्र सर्वथा वर्ज्य होय. नांदेड व लातूर जिल्ह्यांत लग्नसराईत, तसेच १४ एप्रिलच्या आंबेडकर जयंतीच्या सुमारास वाद्यवृंदांचे व गायनाचे कार्यक्रम मोठ्या प्रमाणात होतात व त्यांचे जागेवरच मुद्रणही केले जाते. त्यामुळे हा विषय तेथे केवळ तांत्रिक राहत नाही.

घरघर व बेसचे स्वर : भारतातील घरगुती वीजपुरवठा २३० व्होल्ट दाबाचा व ५० हर्ट्‌झ कंप्रतेचा (दर सेकंदास होणाऱ्या कंपनसंख्येचा) आहे. त्यामुळे घरघर प्रामुख्याने ५० व १०० हर्ट्‌झला आढळते. चार तारांच्या बेस गिटारच्या मोकळ्या तारांच्या कंप्रता सु. ४१, ५५, ७३ व ९८ हर्ट्‌झ असतात. सर्वांत जाड तारेवर तिसऱ्या पट्टीपाशी वाजणारा स्वर ४९ हर्ट्‌झचा असतो. म्हणजेच घरघर नेमकी वाद्याच्या स्वरक्षेत्रात येते. ४९ व ५० हर्ट्‌झचे ध्वनी एकत्र आले की सेकंदाला साधारण एकदा आवाज चढत-उतरत असल्याचा भास होतो. गाळणी लावून ५० व १०० हर्ट्‌झचा पट्टा काढून टाकल्यास घरघरीबरोबर वाद्याचे मूळ स्वरही क्षीण होतात. सतार किंवा बासरी यांच्या बाबतीत जो उपाय चालून जातो, तो बेसच्या बाबतीत म्हणूनच निरुपयोगी ठरतो.

उगम : गिटारच्या तारांखाली चुंबक व त्याभोवती बारीक तारेचे वेटोळे असते. त्यास पिकअप म्हणतात. तारेच्या कंपनाने वेटोळ्यात विद्युत् दाब प्रवर्तित होतो. रोहित्राचे (ट्रान्सफॉर्मरचे) बदलते चुंबकीय क्षेत्रही त्याच वेटोळ्यात दाब निर्माण करते. लिओ फेंडर यांच्या १९५१ च्या ‘प्रिसिजन बेस’मध्ये एकच वेटोळे होते. १९५७ मध्ये त्याचे दोन भाग करून त्यांचे वेढे व चुंबकांची ध्रुवता परस्परांविरुद्ध ठेवण्यात आली. त्यामुळे तारेचा संकेत मिळवला जातो, परंतु बाहेरून आलेली घरघर परस्परांत नष्ट होते.

दुसरे कारण म्हणजे जमीन-जोडणीचे वेटोळे. विवर्धक एका भिंतीवरील जोडबिंदूला व ध्वनिमुद्रक दुसऱ्या भिंतीवरील जोडबिंदूला जोडला आणि दोघांना संकेतवाहक तारेने एकत्र आणले, तर तारेच्या जाळीदार कवचातून जमिनीचा प्रवाह वाहू लागतो व त्याची घरघर संकेतात मिसळते. पंख्याचे इलेक्ट्रॉनीय नियामक, दिव्यांचा प्रकाश कमी-अधिक करणारी साधने व स्वस्त एलईडी दिवे यांच्यामुळे तीक्ष्ण खरखर येते. वीज खंडित झाल्यावर वापरात येणाऱ्या साध्या इन्व्हर्टरचा तरंग ज्या-वक्रासारखा सुबक नसून पायऱ्यांचा असतो. त्यातील उच्च कंप्रतांचे घटकही ऐकू येतात.

रेडिओ व्यत्यय : लांब तार अजाणता आकाशकाचे (एरियलचे) कार्य करते. तिने ग्रहण केलेला रेडिओ संकेत विवर्धकाच्या पहिल्या ट्रँझिस्टरपर्यंत पोहोचला की, तेथील अरेषीय संधीमुळे त्याचे एकदिशीकरण होते आणि परमप्रसर विरूपणाने प्रक्षेपित झालेले भाषण वा गाणे स्पष्ट ऐकू येते. आकाशवाणीच्या परभणी केंद्राला मध्यम लहरींवर १३०५ किलोहर्ट्‌झ ही कंप्रता नेमून देण्यात आली होती. तिची तरंगलांबी सु. २३० मी. होते. नांदेड केंद्राचे प्रक्षेपण कंप्रता विरूपण पद्धतीने १०१.१ मेगॅहर्ट्‌झवर आहे. त्याची तरंगलांबी सु. ३ मी. असल्याने पाऊण मीटर लांबीची साधी तारही तिचा चतुर्थांश होऊन चांगला आकाशक बनू शकते. मात्र अशा प्रक्षेपणातून सहसा शब्द उमटत नाहीत, अस्पष्ट सूसू वा खरखर उमटते. दुसऱ्या पिढीच्या पद्धतीने चालणारा मोबाइल फोन सेकंदाला सु. २१७ वेळा स्पंद पाठवितो. त्याचा परिचित टरटराट हे याच क्रियेचे उदाहरण आहे [⟶ ध्वनिमुद्रण व पुनरुत्पादन].

निवारण : प्रथम दोषाचे स्थान शोधावे. वाद्याचा आवाज-नियंत्रक शून्यावर आणल्यास गोंगाट थांबला, तर त्याचा उगम वाद्यात किंवा पिकअपमध्ये असतो. वाद्याची दिशा बदलताच घरघर कमी-जास्त झाली, तर कारण चुंबकीय क्षेत्र होय. अशा वेळी वाद्य रोहित्रापासून दूर न्यावे. तारांना हात लावताच खरखर कमी झाली, तर वाद्याच्या आतील परिरक्षण अपुरे आहे असे समजावे. पोकळीला तांब्याचा पत्रा लावून तो संकेताच्या जमीन-टोकास जोडल्याने हा दोष कमी होतो. ध्वनिमुद्रकाची तार काढताच विवर्धकाची घरघर थांबली, तर जमिनीचे वेटोळे तयार झालेले असते.

वेटोळ्यावर पहिला उपाय म्हणजे सर्व उपकरणांना एकाच जोडपट्टीवरून वीज देणे. तेवढ्याने न भागल्यास विवर्धक व ध्वनिमुद्रक यांच्यामध्ये संकेत-रोहित्र असलेली डीआय पेटी ठेवावी. तीत संकेत चुंबकीय मार्गाने पलीकडे जातो, पण दोन बाजूंचा विद्युत् संपर्क तुटतो. पेटीवरील ‘ग्राउंड लिफ्ट’ ही कळ केवळ संकेतवाहक तारेचे कवच अलग करते. वीजपुरवठ्याच्या जमीन-जोडणीला ती स्पर्श करीत नाही. पेटीपासून पुढे तीन टोकांची संतुलित तार वापरावी. तिच्या दोन्ही वाहकांत सारखाच शिरलेला गोंगाट वजाबाकीने नाहीसा होतो.

रेडिओ व्यत्ययासाठी तार शक्य तितकी आखूड ठेवावी व कवच उपकरणाच्या प्रवेशद्वारीच धातूच्या सांगाड्याला जोडावे. आदानात १० किलोओहमचा रोधक व १०० पिकोफॅराडचे धारित्र बसविल्यास सु. १५९ किलोहर्ट्‌झच्या वरील संकेत घटू लागतात. १३०५ किलोहर्ट्‌झचा संकेत सु. एक-अष्टमांश होतो आणि श्राव्य स्वरांना धक्का लागत नाही. तारेवर चढविण्याची फेराइटची कडी १०० मेगॅहर्ट्‌झच्या आसपास उपयुक्त असते. मध्यम लहरींसाठी योग्य गाभ्यावर तारेचे अनेक वेढे घ्यावे लागतात.

सुरक्षितता : घरघर घालविण्यासाठी तीन पिनांच्या प्लगची जाड पिन काढून टाकण्याची प्रथा अनेक ठिकाणी दिसते. तिने वेटोळे तुटते व घरघर थांबते, हे खरे आहे. धोका यातच आहे, कारण उपाय यशस्वी झाल्यासारखा वाटतो. पुढे निरोधन बिघडल्यास विवर्धकाचा सांगाडा, त्यास जोडलेले तारेचे कवच व गिटारच्या तारा २३० व्होल्टवर येतात. वादकाचे ओठ वा दुसरा हात जमिनीशी जोडलेल्या मायक्रोफोनला लागताच प्रवाह छातीतून वाहतो. उलट मायक्रोफोनच जमिनीशी जोडलेला नसेल, तरीही तोच परिणाम संभवतो. ‘स्टोन द क्रोज’ या वाद्यवृंदाचे स्कॉटिश गिटारवादक लेस हार्व्ही यांचा मृत्यू ३ मे १९७२ रोजी वेल्समधील स्वॉन्झी येथे रंगमंचावर अशा मायक्रोफोनच्या स्पर्शाने झाला.

नांदेड व लातूर जिल्ह्यांचा बराचसा भाग दक्षिण ट्रॅपच्या बेसाल्ट खडकावर वसला आहे. वरील काळी माती ओली असताना वीज चांगली वाहते, परंतु उन्हाळ्यात ती वाळून भेगाळते आणि जमिनीतील विद्युत् अग्रापासून सुटते. अर्थिंगच्या खड्ड्यात या दिवसांत पाणी घालणे आवश्यक असते. तथापि २०१६ च्या उन्हाळ्यात लातूर शहराला पिण्याचे पाणीच मिरजेहून आगगाडीने आणावे लागले होते. जमीन-जोडणीचा रोध ५० ओहमपर्यंत वाढला, तर दोष उद्‌भवूनही सु. ४.६ अँपिअरच प्रवाह वाहतो व १६ अँपिअरची वितळतार वितळत नाही. म्हणून मंडपातील पुरवठ्यावर ३० मिलिअँपिअरला तुटणारा आरसीसीबी बसविणे हितावह ठरते. विवर्धकासाठी वेगळी सळई ठोकून ‘शुद्ध’ जमीन मिळविण्याचा प्रयत्नही करू नये, कारण दोन जमिनींमध्ये दाबाचा फरक राहून घरघर व धोका हे दोन्ही वाढतात. मंडपात जनित्र वापरल्यास त्याची जमीन-जोडणी परवानाधारक तारतंत्र्याकडूनच करून घ्यावी.

सारांश, गोंगाट संकेताच्या मार्गावर तोडावा, संरक्षणाच्या मार्गावर नव्हे. डीआय पेटी उपलब्ध नसल्यास विवर्धकासमोर मायक्रोफोन ठेवून मुद्रण करावे व उरलेली किंचित घरघर सहन करावी.