बायबलमध्ये २५ डिसेंबर नाही, मग ख्रिस्ती लोक नाताळ का पाळतात?

डिसेंबर उजाडला की ख्रिस्ती घरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज हमखास फिरतो. नाताळ बायबलमध्ये नाही, तो मूळचा रोमी मूर्तिपूजकांचा सण, खऱ्या ख्रिस्ती माणसाने तो पाळू नये. मग वादावादी होते आणि ऐन सणात कुणीतरी रुसून ग्रुप सोडतं.

मेसेजमधली एक गोष्ट खरी आहे. येशूच्या जन्माची तारीख बायबलमध्ये कुठेच नाही. २५ डिसेंबरची सर्वांत जुनी नोंद आहे रोममधली, इ.स. ३३६ ची. ही तारीख सूर्यदेवाच्या सणावरून घेतली की वेगळ्याच हिशोबाने ठरली, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. त्यामुळे मेसेजमधला पुढचा भाग वाटतो तितका पक्का नाही.

पण हा वाद व्हॉट्सॲपच्या कितीतरी आधीचा आहे. त्याच्या दोन्ही बाजू मुंबईत आल्या आणि गिरगावात तर शेजारी राहिल्या.

पहिली बाजू पोर्तुगीजांबरोबर आली. ‘नाताळ’ हा शब्दच पोर्तुगीज. दादरच्या पोर्तुगीज चर्चचा इतिहास १५९६ पर्यंत मागे जातो. गिरगावच्या खोताच्या वाडीतले ईस्ट इंडियन याच कॅथलिक परंपरेतले. इथे वर्ष सणांवरच चालतं. रविवारी आणि ठरलेल्या सणांना मिस्सेला जाणं हे कॅथलिकांचं कर्तव्य असतं. मरियेच्या स्वर्गोन्नयनाचा सण १५ ऑगस्टला येतो, म्हणून त्या दिवशी मिस्सा आणि झेंडावंदन दोन्ही.

दुसरी बाजू आली मोकळं कॅलेंडर घेऊन. १८१३ मध्ये मुंबईत पोचलेल्या अमेरिकन मिशनऱ्यांची संस्था मॅसॅच्युसेट्सची. तिथल्या प्युरिटनांनी १६५९ मध्ये नाताळ साजरा करणाऱ्याला पाच शिलिंग दंड लावला होता. तो कायदा १६८१ पर्यंत टिकला. १८२९ मध्ये आलेले जॉन विल्सन स्कॉटलंडचे. विल्सन कॉलेजची सुरुवात त्यांच्या गिरगावातल्या आंब्रोळीच्या शाळेतून झाली. स्कॉटिश चर्चने १५६० मध्येच नाताळासारखे सण बाद केले होते. स्कॉटलंडमध्ये नाताळची सार्वजनिक सुट्टी सुरू झाली थेट १९५८ मध्ये! यांचं म्हणणं सरळ होतं: देवाने सांगितला नाही तो सण माणसाने लादू नये. रविवार मात्र कडक पाळायचा.

(रविवारचीही गंमत आहे. परळ-लालबागच्या गिरण्यांत तो सुट्टीचा वार झाला १८९० मध्ये, नारायण मेघाजी लोखंडे यांच्या लढ्यामुळे. त्यांचा एक मुद्दा होता की रविवार हा खंडोबाचा वार.)

पुढे दुसरी बाजू मवाळ झाली. १९७० मध्ये चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं. सण पाळणारे अँग्लिकन आणि एके काळी न पाळणारे प्रेस्बिटेरियन त्यात एकत्र आले. आज तिथे नाताळ आणि ईस्टर थाटात होतात. नाताळ अजिबात न पाळणारे, उदाहरणार्थ यहोवाचे साक्षीदार, थोडे.

बायबल काय म्हणतं? दोन्ही बाजू पौलाचाच आधार घेतात. गलतीकरांना तो दिवस, महिने, ऋतू पाळण्यावरून झापतो. पण तिथे प्रश्न नव्या ख्रिस्ती लोकांवर यहुदी नियमशास्त्र लादण्याचा होता. रोमकरांना तो लिहितो की एकाला एखादा दिवस विशेष वाटतो, दुसऱ्याला सगळे सारखे. प्रत्येकाने आपल्या मनाची खात्री करावी. मेसेज पुढे ढकलणारे बहुतेक वेळा पहिलंच पत्र सांगतात.

लालबागच्या चाळीत राहणाऱ्या ख्रिस्ती घराला मात्र डिसेंबरपेक्षा भाद्रपद अवघड जातो. शेजारच्या काकू गणपतीचा मोदक घेऊन दारात उभ्या असतात. दिवाळीचा फराळ बहुतेक जण आनंदाने घेतात, अडतं ते प्रसादापाशी. करिंथकरांच्या पत्रात पौल यावरही बोलतो: समोर वाढलेलं चौकशी न करता खा, पण हे मूर्तीला वाहिलेलं आहे असं कुणी सांगितलं तर त्याच्यासाठी खाऊ नका. म्हणून काही घरं मोदक घेतात आणि खातात, काही घेऊन बाजूला ठेवतात, काही हात जोडून नको म्हणतात. नाताळच्या करंज्या मात्र तिन्ही घरांतून काकूंकडे जातात.