खेड्यातून सायबर सुरक्षेकडे

अमेरिकेतील कम्युनिटी कॉलेज म्हणजे घराजवळचे, कमी फीचे, दोन वर्षांची पदवी देणारे महाविद्यालय; खेड्यातून सायबर सुरक्षेच्या नोकरीकडे जाणारी एक वाट त्यातून जाते.

• पहिले पाऊल : इलिनॉयमधील जोलिएट ज्युनिअर कॉलेज, १९०१.

• निधी : १९९२च्या कायद्यामुळे राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठान अशा महाविद्यालयांतील तंत्रज्ञ-प्रशिक्षणाला अनुदान देते.

• मान्यता : राष्ट्रीय सुरक्षा संस्थेचा (एनएसए) सायबर सुरक्षेतील ‘उत्कृष्टता केंद्र’ हा दर्जा दोन वर्षांच्या महाविद्यालयांनाही मिळू शकतो.

• शिक्षकांसाठी : वॉशिंग्टन राज्यात बेलिंगहॅमच्या व्हॉटकॉम कम्युनिटी कॉलेजातील सायबर सुरक्षा शिक्षणाचे राष्ट्रीय केंद्र इतर महाविद्यालयांच्या प्राध्यापकांना घडवते.

• नोकरीच्या वाटा : ‘सिक्युरिटी प्लस’सारखे प्रमाणपत्र घेऊन थेट काम, कमवा-शिका पद्धतीची उमेदवारी, किंवा पुढे विद्यापीठात बदली. ‘सायबरकोअर’ शिष्यवृत्ती घेणाऱ्याने जितका काळ ती घेतली, तितका काळ सरकारी सेवा करायची.

• उद्दिष्ट : कम्युनिटी कॉलेजांच्या मदतीने २०२५पर्यंत अडीच लाख लोकांना सायबर सुरक्षेच्या क्षेत्रात आणण्याची मोहीम मायक्रोसॉफ्टने २०२१मध्ये जाहीर केली.

• गरज कुठे? : गावचे रुग्णालय, शाळा, पाणीपुरवठा योजना. हल्लेखोर त्यांनाही सोडत नाहीत, आणि शहरातला तज्ज्ञ त्यांना परवडत नाही.

• अडसर : खासगी पगारापुढे टिकेल असा प्राध्यापक आणि भरवशाचे ब्रॉडबँड, दोन्ही मिळणे कठीण.