हृदयाच्या दुखण्यात खोकला अंगावर काढू नका

बचत गटाच्या बैठकीत आपण हप्ता, व्याज आणि थकबाकी यांवर तास तास बोलतो. आज मी आमच्या गटातल्या एका ताईच्या खोकल्याबद्दल बोलणार आहे. तिला विचारूनच बोलते आहे, नाव मात्र सांगत नाही.

ही ताई 35 वर्षांची. लहानपणी तिचा घसा सारखा धरायचा. एकदा ताप आला, गुडघे सुजले, ते उतरले तर घोटे सुजले. वाताचं असेल म्हणून घरच्यांनी तेल चोळलं आणि विषय संपला. दुसऱ्या बाळंतपणात मात्र तिला चार पावलं चाललं तरी धाप लागायला लागली. टू-डी इको केल्यावर कळलं की हृदयाची एक झडप आकसली आहे. तेव्हापासून दर 21 दिवसांनी पेनिसिलीनचं इंजेक्शन आणि रोज लघवीची गोळी. गावात असेपर्यंत हे सगळं नीट चालायचं.

दिवाळी झाली आणि दोघं नवरा-बायको ऊसतोडीला गेले. पहाटेची थंडी, कोपीत चुलीचा धूर, रात्री-अपरात्री गाडी भरायची. तिकडे दोन इंजेक्शनं चुकली. गोळ्या संपल्या त्या पुन्हा आणल्याच नाहीत. मग सर्दी झाली, खोकला लागला. दुकानातून सर्दीची गोळी आणि अंगदुखीची गोळी आणून ती कामावर जात राहिली, कारण एक दिवस घरी बसलं की खाडा लागतो आणि उचल फिटत नाही. आठव्या दिवशी तिला आडवं पडता येईना. रात्रभर बसून काढली. सकाळी दवाखान्यात नेलं तेव्हा न्यूमोनिया झाला होता आणि फुप्फुसात पाणीही साठलं होतं. ती वाचली. पण दवाखान्यात 11 दिवस गेले, पोरांची शाळा बुडाली आणि वर कर्ज झालं.

यात एक चूक आमचीही होती. जाण्याआधी तिला गटातून कर्ज दिलं, त्याची नोंद केली, सह्या घेतल्या. पण "ताई, गोळ्या किती दिवसांच्या घेतल्यास?" हे आमच्यापैकी एकीनंही विचारलं नाही. म्हणून आजचा हा विषय.

छाती आणि हृदय एकमेकांना कसं ओढतात

हृदय आणि फुप्फुस शेजारी शेजारी आहेत आणि रक्ताने जोडलेले आहेत. फुप्फुसात शुद्ध झालेलं रक्त हृदयाच्या डाव्या बाजूला येतं आणि तिथून सगळ्या शरीराला जातं. झडप आकसली असेल किंवा डॉक्टर म्हणतात तसं पंपिंग कमी झालं असेल, तर हे रक्त पुढे नीट सरकत नाही. ते मागे फुप्फुसात तुंबतं. मोटार बारीक चालली की हौदात पाणी साचतं, तसंच. अशा ओलसर, तुंबलेल्या फुप्फुसात जंतूंना वाढायला सोपं जातं आणि कफ बाहेर टाकायला अवघड जातं.

आता दुसरी बाजू. छातीत जंतूंची लागण झाली की ताप येतो. तापात हृदयाचे ठोके वाढतात. शरीराला प्राणवायू जास्त लागतो, पण कफाने भरलेलं फुप्फुस तो कमी देतं. धडधाकट माणसाचं हृदय हे चार दिवस निभावून नेतं. आधीच दमलेलं हृदय मात्र निभावू शकत नाही, त्यामुळे फुप्फुसात आणखी पाणी तुंबतं. म्हणजे लागणीने हृदय बिघडतं आणि हृदय बिघडल्याने लागण वाढते.

रक्तवाहिन्यांत अडथळे असणाऱ्यांनाही हा धोका आहे. कॅनडातल्या ओंटारियो प्रांतातल्या संशोधकांनी 2018 साली दाखवलं, की फ्लूचं निदान झाल्यानंतरच्या पहिल्या सात दिवसांत हृदयविकाराचा झटका येण्याचं प्रमाण एरवीच्या सुमारे सहापट होतं. म्हणून ज्यांना स्टेंट बसला आहे किंवा ज्यांची बायपास झाली आहे, त्यांनीही साध्या तापाकडे दुर्लक्ष करू नये.

प्रतिकारशक्ती का घटते

हृदयाचं दुखणं जुनं झालं की पोटालाही सूज येते. भूक मरते, दोन घास खाल्ले तरी पोट भरल्यासारखं वाटतं. अंगातलं मांस झडतं. त्यात आपल्याकडे बायांचं रक्त आधीच कमी. कुणाला साखरेचा आजार असतो, कुणाचं वय झालेलं असतं. हे सगळं मिळून अंगाची जंतूंशी लढायची ताकद कमी होते.

ही ताकद बाजारातल्या पावडरीच्या डब्यातून येत नाही. ती डाळ, अंडी, मटकी, शेंगदाणे, पालेभाजी आणि पुरेशी झोप यांतून येते. एक गोष्ट मुद्दाम सांगते. खोकल्यासाठी आपण काढा करतो, त्यात ज्येष्ठमध घालतो. ज्येष्ठमध जास्त दिवस पोटात गेलं तर अंगात मीठ-पाणी धरून ठेवतं आणि बीपी वाढवतं. म्हणून हृदयाच्या रुग्णाने ज्येष्ठमधाचा काढा घेऊ नये. लोणचं, पापड, खारे शेंगदाणे यांतलं मीठही तसंच पाणी धरून ठेवतं.

लहान बाळांचं काय

काही बाळांच्या हृदयाला जन्मापासून छिद्र असतं. छिद्र मोठं असेल तर फुप्फुसात गरजेपेक्षा जास्त रक्त जातं. असं बाळ अंगावर पिताना दमतं, कपाळाला घाम येतो, वजन वाढत नाही आणि वारंवार न्यूमोनिया होतो. आपल्याकडे अजून काही घरांत छाती भरली म्हणून बाळाला चटके देतात. चटक्याने काहीच बरं होत नाही, उलट जखमेतून आणखी जंतू आत शिरतात. एका वर्षात दुसऱ्यांदा न्यूमोनिया झाला, तर "हृदय तपासून द्या" असं डॉक्टरांना आपणहून म्हणा.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येतं. त्या दिवशी पोराला घरी ठेवू नका. छिद्र सापडलं तर पुढचे उपचार आणि शस्त्रक्रिया या कार्यक्रमातून मोफत होतात. बाळाला न्यूमोनियाची पीसीव्ही लस दीड महिना, साडेतीन महिने आणि नऊ महिने या वेळी द्यायची असते. ती सरकारी लसीकरणात मोफत आहे. फडावर असाल तर लसीकरणाचं कार्ड सोबत न्या, तिथल्या उपकेंद्रात लस मिळते.

खोकला कसा ओळखायचा

जंतूंच्या लागणीत बहुतेक वेळा ताप, थंडी, पिवळा-हिरवा बेडका आणि श्वास घेताना छातीत एका बाजूला कळ असते. पाणी तुंबल्याचा खोकला रात्री, आडवं पडल्यावर वाढतो. माणूस दचकून उठून बसतो, पायांवर सूज येते, वजन पटकन वाढतं. पण दोन्ही एकाच वेळी असू शकतात. म्हातारं किंवा अशक्त माणूस असेल तर ताप येतही नाही, नुसतं खाणं बंद होतं आणि बडबड सुरू होते. त्यामुळे घरी निदान करत बसू नका. दोन आठवड्यांच्या वर खोकला असेल तर बेडक्याची टीबीसाठी तपासणीही करून घ्या.

श्वास मात्र घरी मोजता येतो. माणूस शांत बसलेला असताना घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट मोजा. मोठ्या माणसाचे 12 ते 20 श्वास होतात. 30 झाले तर थांबू नका. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे 60, एक वर्षाच्या आतल्याचे 50, पाच वर्षांच्या आतल्याचे 40 किंवा त्याहून जास्त झाले तर तो धोका आहे. कोरोनाच्या वेळी, 2020 साली, 'माझे कुटुंब माझी जबाबदारी' मोहिमेत बोटाला लावायचं ऑक्सिमीटर आपण सगळ्यांनी पाहिलं. आशाताईंकडे असेल तर लावून घ्या. 94 च्या खाली आकडा आला तर लगेच दवाखाना.

ओठ निळे पडले, बेडक्यात रक्त किंवा गुलाबी फेस आला, बोलताना वाक्य पूर्ण होईना, छातीत दाबल्यासारखं झालं, तर 108 ला फोन करा. गाडी येईपर्यंत रुग्णाला आडवं करू नका. पाठीला उशा किंवा गोधड्यांची वळकटी लावून बसवा.

काय करायचं नाही

दुकानातून अंगदुखीची गोळी आणायची नाही. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांसारख्या गोळ्या अंगात पाणी धरतात आणि लघवीच्या गोळीचा परिणाम कमी करतात. नाक मोकळं करणाऱ्या सर्दीच्या काही गोळ्या बीपी आणि ठोके वाढवतात. ताप आला तर काय घ्यायचं ते डॉक्टरांना आधीच विचारून कागदावर लिहून घ्या.

रक्त पातळ होण्याची गोळी चालू असेल तर कोणतंही अँटिबायोटिक घेण्याआधी ते डॉक्टरांना सांगा. काही अँटिबायोटिकांनी रक्त जास्तच पातळ होतं आणि रक्तस्राव होतो. आणि खोकल्याचं औषध सुरू झालं म्हणून हृदयाच्या गोळ्या आपल्या मनाने बंद करू नका.

फडावर जाण्याआधी

त्या ताईच्या आजारपणानंतर आमच्या गटाने ठरवलं, की दसऱ्यानंतरच्या बैठकीत जाणाऱ्या प्रत्येकीला चार गोष्टी विचारायच्या.

पहिली, घरात कुणाला हृदयाचं दुखणं आहे का, आणि असेल तर यंदा तपासणी झाली का? आपल्याला बीडचं जिल्हा रुग्णालय आहे, अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे.

दुसरी, गोळ्या किती दिवसांच्या सोबत आहेत? डॉक्टरांना "बाहेरगावी चालले" असं सांगितलं तर ते जास्त दिवसांच्या लिहून देतात.

तिसरी, 21 दिवसांच्या इंजेक्शनच्या तारखा लिहिल्या का? चिठ्ठी असली की ते तिकडच्या सरकारी दवाखान्यात मिळू शकतं. मुकादमाला आधीच सांगा, म्हणजे त्या दिवशी जाता येतं. फ्लूची लस घ्यायची का, हेही याच भेटीत डॉक्टरांना विचारा.

चौथी, फाईल, आधार कार्ड आणि रेशनकार्ड पिशवीत आहे का? महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला 5 लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळतात, पण कागद गावात आणि रुग्ण कोल्हापुरात असेल तर धावपळ होते.

कोपीत चूल दाराबाहेर, वाऱ्याच्या बाजूने मांडा. पाचट पेटवतात तिथून रुग्णाने लांब राहावं. मळणी असो की तोडणी, नाकाला ओला रुमाल बांधा. ज्याला सर्दी आहे त्याने रुग्णाशेजारी झोपू नये. आठवड्यातून दोनदा वजन करता आलं तर करा. तीन दिवसांत 2 किलो वाढलं तर ते मांस नाही, पाणी आहे.

लहान पोरांच्या बाबतीत एवढंच, की घसा दुखून ताप आला तर दाखवा आणि दिलेल्या गोळ्यांचा कोर्स पूर्ण करा. त्या ताईची झडप अशाच घशाच्या दुखण्यातून खराब झाली होती.

यंदा ती ताई फडावर गेली नाही. नवरा भावाबरोबर गेला आणि ती गावात शिलाई करते. हे जमलं कारण ग्रामसंघाच्या जोखीम प्रवणता निधीतून तिचं दवाखान्याचं कर्ज फेडायला मदत झाली. प्रत्येकीला घरी राहणं परवडत नाही, हे मला माहीत आहे. जाणारीला निदान गोळ्या, तारखा आणि कागद सोबत देऊन पाठवता येतं. तुमच्या पुढच्या बैठकीत वसुली झाल्यावर दहा मिनिटं काढा आणि हे चार प्रश्न विचारा. उत्तरं कर्जाच्या वहीतच त्या ताईच्या नावापुढे लिहून ठेवा.