एक पोर्ट, हजार संभाषणं

जे ऐकू येईल तेच परत पाठवणारा सर्व्हर पायथॉनच्या वीस-पंचवीस ओळींत, घरच्या लॅपटॉपवर उभा राहतो. त्यातल्या मुख्य आज्ञा चारच: सॉकेट, बाइंड, लिसन, अ‍ॅक्सेप्ट. बर्कली विद्यापीठाच्या युनिक्समध्ये, १९८३च्या ४.२ बीएसडी आवृत्तीत त्या आल्या आणि आजही जवळजवळ तशाच वापरात आहेत.

मला सगळ्यात विलक्षण वाटते ती अ‍ॅक्सेप्ट. समजा, आपण ८०८० हे पोर्ट घेतलं. त्यावर कान लावून बसलेलं सॉकेट स्वतः कुणाशी अक्षरही बोलत नाही. कुणी जोडलं गेलं की अ‍ॅक्सेप्ट एक नवंकोरं सॉकेट हातात देते; बोलणं त्याच्यावरून. पोर्ट मात्र तेच! हजार जण आले तरी ८०८०च. मग सरमिसळ कशी होत नाही? प्रत्येक जोडणीची ओळख चार आकड्यांची असते: दोन्हीकडचे आयपी पत्ते आणि दोन्हीकडची पोर्टं. एक आकडा बदलला की जोडणी वेगळी.

सगळ्यांशी एकाच वेळी बोलायचं तर प्रत्येक नवं सॉकेट एकेका थ्रेडकडे, म्हणजे प्रोग्रॅममधल्या स्वतंत्रपणे चालणाऱ्या धाग्याकडे, सोपवायचं. समोरचा गप्प असेल तर कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, त्या थ्रेडला झोपवतो, आणि झोपलेला थ्रेड प्रोसेसरचा वेळ घेत नाही. मजकूर आला की थ्रेड त्याच ओळीवर जागा होतो, जणू मध्ये काही घडलंच नाही.

धोका आहे तो सामायिक स्मृतीत. समजा, आलेल्या पाहुण्यांची मोजणी तिथे ठेवली आहे. दोन थ्रेडनी त्या एकाच मोजणीत ४१ वाचले, दोघांनी एक मिळवला, दोघांनी ४२ लिहिले: एक पाहुणा हिशेबातून गायब. म्हणून तिथे कुलूप लागतं. या परस्पर-वर्जनाच्या, म्हणजे एका वेळी एकालाच आत सोडण्याच्या, प्रश्नाचं उत्तर संगणकशास्त्रज्ञ डाइक्स्ट्रा यांनी १९६५मध्येच मांडलं होतं.

एक प्रयोग जरूर करा. थ्रेड सुरू करणारी ओळ काढून काम थेट तिथेच उरका आणि नेटकॅट या छोट्या साधनाने टर्मिनलच्या दोन खिडक्यांतून सर्व्हरला जोडा. पहिलीला उत्तरं येतात, दुसरी ताटकळते. तरी दुसरीची जोडणी झालेली असते! अ‍ॅक्सेप्टची वाट न पाहता कर्नलने टीसीपीची तीन टप्प्यांची ओळखपाळख उरकून तिला रांगेत बसवलेलं असतं. तिच्यात टाइप केलेल्या ओळीही कर्नल सांभाळून ठेवतो. पहिली खिडकी बंद करा. साठलेल्या सगळ्या ओळी सर्व्हरकडून भराभर परत येतात.