बाळाचें चपटें डोकें : उपाय कोणता आणि केव्हां?

बाळ दोन-अडीच महिन्यांचें झालें, कीं न्हाऊं घालतांना एखाद्या दिवशीं आईच्या हाताला जाणवतें कीं डोक्याची मागची एक बाजू दुसरीसारखी गोल नाहीं. ती बसकी लागते. मग सल्ल्यांना सुरुवात होते. घरांतील वडील बायका म्हणतात, मोहरीची उशी करा. मालिश करणारी बाई म्हणते, मी दाबून दाबून गोल करून देतें. कोणी सुचवितें, बाळाला पालथें निजवा. आणि अलीकडे डोक्यावर घालावयाच्या टोपांच्या जाहिरातीही दृष्टीस पडतात. यांपैकीं कोणाचें ऐकावें, याचा आज विचार करूं.

प्रथम हें होतें कां, तें पाहूं. नवजात बाळाच्या कवटीचीं हाडें एकमेकांस पक्कीं जुळलेलीं नसतात. त्यांच्यामध्यें लवचिक शिवणी असतात आणि त्यांच्या योगानेंच मेंदूला वाढावयास जागा मिळते. जन्मतः डोक्याचा घेर सुमारें 35 सेंटिमीटर असतो. वर्षअखेर तो सुमारें 46 होतो, आणि या वाढीचा जवळजवळ निम्मा भाग पहिल्या तीन महिन्यांतच होऊन जातो. ओलें मडकें ज्या अंगावर ठेवावें त्या अंगानें बसतें. तसेंच या दिवसांत बाळ सतत एकाच कुशीकडे डोकें कलवून निजलें, तर ती बाजू चपटी होते.

हें फार आढळतें. कॅनडांतील कॅलगरी येथें सात ते बारा आठवड्यांच्या 440 बाळांची पाहणी झाली; तिचे निष्कर्ष 2013 मध्यें प्रसिद्ध झाले. शेंकडा 46.6 बाळांच्या डोक्याला कमी-अधिक चपटेपणा होता. मात्र त्यांतील बहुतेकांचा अगदीं सौम्य. न्यूझीलंडमधील 2004 सालच्या एका अभ्यासांत चौथ्या महिन्यांत हें प्रमाण शेंकडा 19.7 होतें, तें दोन वर्षांच्या वयाला 3.3 वर आलें. म्हणजे मूल बसूं-रांगूं लागल्यावर बऱ्याच डोक्यांचा आकार आपोआप सुधारतो.

पालथें निजविण्याच्या सल्ल्याविषयीं मात्र स्पष्ट बोललें पाहिजे. अमेरिकेंतील बालरोगतज्ज्ञांच्या संस्थेनें 1992 मध्यें बाळांना पालथें न निजविण्याचा उपदेश केला आणि 1994 पासून त्याचा देशभर प्रचार झाला. झोपेंत अकस्मात् होणारे बालमृत्यु पुढील दहा वर्षांत तेथें सुमारें निम्म्यावर आले. याच काळांत चपट्या डोक्यांच्या तक्रारी वाढल्या, हेंही खरें. परंतु एका पारड्यांत डोक्याची गोलाई आणि दुसऱ्यांत बाळाचा जीव असतां तोलावयाचें तें काय? निजतांना बाळ उताणेंच असावें.

आतां निर्णयाकडे वळूं. पहिला प्रश्न असा कीं हा चपटेपणा दाबामुळें आला आहे, कीं कवटीची एखादी शिवण अकालीं जुळल्यामुळें? हा दुसरा विकार दोन-अडीच हजार जन्मांत एखाद्या बाळास होतो आणि त्यावर बहुधा शस्त्रक्रिया करावी लागते. डोकें वरून पाहिलें असतां दाबाच्या प्रकारांत चपट्या बाजूचा कान व कपाळ थोडें पुढें सरकलेलें दिसतें. उलट शिवणीच्या जागीं हाताला कठीण कंगोरा लागत असेल, जन्मतःच आकार विचित्र असून तो दिवसेंदिवस वाढत असेल, किंवा डोक्याचा घेर वयाप्रमाणें वाढत नसेल, तर क्षणाचाही विलंब न करतां डॉक्टरांकडे जावें.

दुसरा प्रश्न मानेचा. बाळ एकाच बाजूला पाहतें, दुसरीकडे मान वळवीत नाहीं, असें असल्यास मानेचा स्नायु आंखडलेला असण्याचा संभव असतो. तो सैल केल्यावांचून डोक्यावरचा कोणताही उपाय अपुराच. त्याचे व्यायाम तज्ज्ञांकडून शिकून घ्यावेत. दाबानें आलेल्या चपटेपणामुळें मेंदूवर ताण येत नाहीं. तथापि जें बाळ मुळांतच कमी हालचाल करतें त्याचें डोकें अधिक चपटें होऊं शकतें. म्हणून मान धरणें, कुशीवर वळणें हें वेळेवर होतें कीं नाहीं, इकडे लक्ष असावें.

हे दोन प्रश्न निकालांत निघाले, कीं उपाय घरचाच आणि बिनखर्चाचा. बाळ उजेडाकडे, दाराकडे, आईच्या आवाजाकडे तोंड करतें. म्हणून अंथरुणाचा उशापायथा रोज बदलावा. दूध पाजतांना कूस बदलावी. फार वेळ झोळींत किंवा टेकूच्या आसनांत ठेवूं नये. कडेवर, खांद्यावर घ्यावें. आणि जागेपणीं, कोणी समोर बसलें असतां, बाळाला पालथें ठेवावें : आरंभीं दिवसांतून दोन-तीनदां, तीन ते पांच मिनिटें; सातव्या आठवड्यापर्यंत दिवसाकांठीं एकूण पंधरा ते तीस मिनिटें. मोहरीची असो वा दुसरी कोणती, बाळाच्या डोक्याखालीं उशी नको. डोक्याला आकार देणाऱ्या उशांनीं श्वास कोंडण्याचा धोका असतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध-नियंत्रण खात्यानें 2022 मध्यें दिला. टाळूला हलक्या हातानें तेल लावण्यास हरकत नाहीं. पण दाबून डोकें गोल करण्याचा प्रयत्न कोणास करूं देऊं नये.

राहिला टोप. तो रोज सुमारें तेवीस तास, कित्येक महिने घालावा लागतो. नेदरलंड्समध्यें पांच-सहा महिन्यांच्या, मध्यम ते तीव्र चपटेपणा असलेल्या 84 बाळांचे चिठ्ठ्या टाकून दोन गट केले. एकास टोप दिला, दुसऱ्यास कांहींच नाहीं. 2014 मध्यें प्रसिद्ध झालेला निकाल असा : दोन वर्षांच्या वयाला पूर्ण बरीं झालेलीं मुलें टोपाच्या गटांत शेंकडा 26 आणि दुसऱ्या गटांत 23, म्हणजे भेद नगण्य. शिवाय टोप घातलेल्या सर्व बाळांना घाम, वास, कातडी लाल होणें अशांपैकीं कांहींना कांहीं त्रास झाला. मात्र मान आंखडलेलीं बाळें या प्रयोगांत घेतलेलीं नव्हतीं. उलटपक्षीं, अमेरिकेंतील मेंदू-शल्यचिकित्सकांच्या संघटनेनें 2016 मध्यें, आसनबदल आणि व्यायाम करूनही मध्यम ते तीव्र विकृति टिकून राहिल्यास टोपाची शिफारस केली. तज्ज्ञांतच मतभेद आहे. तेव्हां सौम्य चपटेपणासाठीं कर्ज काढून टोप घेण्याचें कारण नाहीं, आणि तीव्र विकृतींत तो सुचविणाऱ्या डॉक्टरांस लोभी ठरविण्याचेंही नाहीं.

या सर्वांत वेळेला महत्त्व आहे. आसनबदलाचा गुण पहिल्या चार महिन्यांत सर्वांत अधिक येतो. टोप घालावयाचाच तर त्याचा निर्णय सहाव्या महिन्याच्या सुमारास व्हावा, कारण वर्षानंतर कवटीची वाढ मंदावते. म्हणून चपटेपणा जाणवला त्याच आठवड्यांत डोक्याचें वरून एक छायाचित्र घेऊन ठेवावें आणि लस टोंचण्याच्या पुढल्या खेपेस तें डॉक्टरांपुढें ठेवावें. पंधरा-पंधरा दिवसांनीं घेतलेलीं अशीं चार छायाचित्रें शेजारीं मांडलीं, म्हणजे डोकें सुधारत आहे कीं बिघडत आहे हें आईलाही दिसेल, आणि पुढें काय करावयाचें तें ठरविणें पुष्कळ सोपें जाईल.