शब्दाआधीचं बोट

खिडकीत कावळा आला की दीडेक वर्षाचं मूल त्याच्याकडे बोट दाखवतं, वळून आईच्या तोंडाकडे बघतं आणि पुन्हा कावळ्याकडे. त्याला कावळा नको असतो, तो आईनंही बघायला हवा असतो. बिस्किटासाठी हात पुढे करणं निराळं. ‘काऊ’ हा शब्द रुजतो तो दोघांची नजर एकाच जागी असताना. स्वमग्न मुलांत ही नजरेची देवाणघेवाणच बहुधा उशिरा किंवा कमी येते. आपण मात्र वाट बघतो ती बोलण्याची. ‘याचे बाबाही उशिराच बोलले’ हे आजीचं म्हणणं अगदीच खोटं नाही. उशिरा बोलणारी बरीच मुलं पुढे बरोबरीला येतात. पण ती सहसा बोट दाखवतात, हाकेला वळतात. तेही नसेल तर कानांची आणि विकासाची तपासणी करून घ्यावी. शंका फोल ठरली तर वाया जातो फार तर एक दिवस. खरी निघाली तर वर्षं हाताशी लागतात. यात आईला बोल लावायचं कारण नाही. बालमानसोपचारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४३ साली अशा ११ मुलांची वर्णनं लिहिली, त्यानंतर कित्येक वर्षं ‘थंड’ आयांवर खापर फुटलं. पुढे जुळ्यांच्या अभ्यासांतून आनुवंशिकतेचा मोठा वाटा दिसला.

पण निदान झाल्यावर जायचं कुठे? पनवेलजवळच्या कोनमधून आठवड्यातून दोनदा मुंबईला उपचाराला न्यायचं, तर कोणाची तरी रोजी बुडते. म्हणून गोव्यातला प्रयोग मोलाचा वाटतो. गोवा आणि रावळपिंडी इथल्या ६५ मुलांवरचा हा अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. तज्ज्ञ नसलेल्या, पण प्रशिक्षण घेतलेल्या आरोग्य कार्यकर्त्यांनी पालकांना शिकवलं. पालक मुलाशी खेळतात, त्याचं चित्रीकरण होतं, मग पालक आणि कार्यकर्ता मिळून ते बघतात. मूल चाक फिरवत बसलेलं असतं, आई ‘हा रंग कुठला?’ विचारत राहते, आणि त्याच गडबडीत मुलानं तिच्याकडे टाकलेला एक कटाक्ष निसटतो. पडद्यावर तो दिसतो. पुढच्या वेळी ती प्रश्न थांबवते, चाकाकडे बघते, थांबते.

अर्धवट शिकलेल्यांच्या हाती मुलं द्यायची का, हा आक्षेप रास्त आहे. निदान तज्ज्ञानंच करावं. इथे प्रश्न रोजच्या खेळाचा आहे. निष्कर्षही सरसकट गोड नव्हते: पालक मुलाच्या कलानं घेऊ लागले, मुलं आपणहून संवाद सुरू करू लागली, पण दोघांचं लक्ष एकत्र राहण्याचा वेळ उलट घटला. मुलं थोडी, काळही थोडा. तरी पुढाकार मुलाकडून आला, आणि तोही तज्ज्ञ नसलेल्या कार्यकर्त्यांच्या मदतीनं.